पुरानं पाडलेल्या बाभळी

ऑपरेटर मागचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीत रोवतो, तसा जेसीबी चाकांवरून जरासा उचलला जातो आणि त्याचं डुलणं थांबतं. मागच्या बकेटला साखळदंड लटकतोय. त्याचं मोकळं टोक हातात धरून हेल्पर पोरगा आडव्या पडलेल्या बाभळीच्या खाली हात घालून चाचपडतोय. साखळी पलीकडं निघत नाही. खोड निम्मं गाळात रुतलंय आणि गाळ आता वाळून विटेसारखा झालाय. रानाचे मालक नाना पहार आणून खोडाखाली भोक पाडायला लागतात. चार-पाच घाव बसतात, ढेकळं सुटतात, साखळीची कडी पलीकडं दिसते.

"हात काढ आधी!" ऑपरेटर काचेतून ओरडतो. पोरगं हात काढतं. मग माझ्याकडं बघून नाना म्हणतात, "तुम्ही बी सरका मागं, सर. ह्या लाकडाचा काय भरवसा न्हाई."

मी मागं सरकून बांधावर उभा राहतो. बांध म्हणायचं ते सवयीनं, कारण बांध जागेवर राहिलेला नाही. हे चौसाळ्याचं शिवार. बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढला की सोलापूरकडं जाणाऱ्या 52 क्रमांकाच्या महामार्गावर हे गाव लागतं. पुढं पारगाव आलं की धाराशिव जिल्हा सुरू. इथून महामार्ग दिसत नाही, पण ट्रकांचे हॉर्न ऐकू येतात. समोरचा ओढा आज ओळखू येणार नाही इतका गरीब दिसतोय. तळाला वीतभर पाणी, त्यात दोन बगळे. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाडाभर पाऊस कोसळला, तेव्हा हाच ओढा पात्र सोडून नानांच्या सोयाबीनमधून गेला. पिकाबरोबर वरची काळी माती नेली, बांध नेला आणि बांधावरच्या बाभळी मुळांसकट उपटून शेताच्या मधोमध आणून टाकल्या. काही नानांच्या आहेत. दोन-तीन वरच्या अंगाच्या कुणाच्या तरी आहेत, पण त्या आमच्या म्हणत अजून कुणी आलेलं नाही.

पूर सप्टेंबरात आला आणि झाडं उचलायला संक्रांत उलटली, याला कारण आहे. दिवाळीच्या आधी नानांनी एकदा ट्रॅक्टर घालून बघितला. आसापर्यंत रुतला. काळ्या रानात ओल असताना जड यंत्र घालणं म्हणजे लाकूड निघायच्या आधी रान गमावणं. चाकाखाली दबलेली माती पुढच्या दोन हंगामांत नांगराला दाद देत नाही. त्यामुळं वरची वीतभर माती सुकून तडे जाईपर्यंत थांबायचं, हे नानांनी ठरवलं आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. जेसीबीलाही त्यांनी वाट आखून दिलीय. आल्या चाकोरीनंच परत जायचं, रानभर हिंडायचं नाही.

दुसरं कारण माणसांचं. पूर्वी असं झाड हलवायचं तर दहा-बारा गडी, बैलांच्या तीन-चार जोड्या, नाडे आणि पहारी लागायच्या. आज जानेवारीत या भागातल्या गावांत दहा तरणे गडी एका जागी मिळणं अवघड. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात, त्या पाडव्याच्या सुमारास परत येतात. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे; त्याचा एक अर्थ असाही की हिवाळ्यात इथल्या शेतातलं जड काम यंत्राकडं जातं. हौस म्हणून इथं कुणी जेसीबी बोलावत नाही. तासाला बाराशे रुपये मोजावे लागतात आणि मीटर मालकाच्या शेडपासून चालू होतो.

साखळी ताणते. कडी कडीवर बसल्याचा खण् खण् आवाज येतो आणि झाड एका बाजूनं उठतं. पण ऑपरेटर ते उचलून नेत नाही, हातभर वर घेऊन तसंच धरून ठेवतो. आता कटरवाल्याचं काम.

कटरवाला म्हणजे पेट्रोलवरची साखळी-करवत घेऊन फिरणारा माणूस. तो आधी करवतीला हातच लावत नाही. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं सालीवर ठोकत ठोकत खोडाभोवती फिरतो. सालीच्या भेगांत पुराची वाळू आणि बारीक खडे बसलेत. करवतीची साखळी त्यावर गेली की दात बोथट होतात आणि कानशीनं धार लावण्यात अर्धा तास जातो. जिथं कापायचं तिथली साल तो कुऱ्हाडीनं तासून काढतो, मग दोरी ओढून मशीन चालू करतो.

बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कापायला तो कुठून सुरुवात करतो. पडलेलं झाड सरळ दिसलं तरी त्याच्या अंगात ताण असतो. दोन टोकांवर टेकून मधे अधांतरी असेल तर वरून कापताना चीर मिटत जाते आणि पातं आत अडकतं. एका टोकावर लोंबत असेल तर उलटं; वरून कापता कापता शेवटचा भाग उभा चिरत जातो, आणि तो चिरलेला तुकडा माणसाच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून लोंबत्या खोडाला कटरवाला आधी खालून थोडं कापतो, मग वरून. मधेच थांबून चिरेत लाकडाची पाचर ठोकतो. हे त्याला कुणी शिकवलं, असं विचारल्यावर म्हणतो, "एकदा पट्टी अडकली की आपोआप कळतंय."

भुसा उडतोय. बाहेरून पांढरट, आतून तांबूस. बाभळीचा हा तांबूस गाभा दगडासारखा असतो, आणि बाहेरचा पांढरा थर किड्याचं खाद्य. पुरात पडून चार महिने होत आलेत, तरी सालीखाली पिवळसर भुकटी दिसायला लागलीय. भुंगा शिरलाय.

पहिला ओंडका सुटतो. दहा फूट लांबीचा तुकडा साखळीला लटकत गर्रकन फिरतो आणि आम्ही सगळे एकदम मागं होतो. हेल्पर पोरगा टोकाला बांधलेल्या दोरीनं त्याला आवरायला बघतो. दोरी हातातून सरकते. ऑपरेटर शांतपणे बकेट खाली आणतो, ओंडका जमिनीला टेकतो आणि फिरायचा थांबतो. कुणी काही बोलत नाही. साखळी पुन्हा बांधली जाते, या वेळी मधोमध न बांधता जाड टोकाकडं सरकवून. बुंधा जड, शेंडा हलका, त्यामुळं तोल काही लांबीच्या मध्यावर येत नाही.

जेसीबी हे खरं तर लाकूड उचलायचं यंत्रच नव्हे. मागचं बकेट खणायला, पुढचं भरायला. लाकडाला पकडणारा पंजा वेगळा मिळतो, पण चौसाळ्याच्या शिवारात तो कुणाकडं असणार? मोठ्या लाकूड वखारीत हायड्रा क्रेन असते. इथं जे आहे त्यावर भागवायचं. विहिरीचा गाळ, घराचा पाया, शेततळं, नालाबंदी, ऊस भरलेली फसलेली ट्रॉली, सगळ्याला एकच पिवळं यंत्र. 2023 साली मराठा आरक्षणाच्या सभांच्या वेळी याच जिल्ह्यात जेसीबीच्या बकेटांतून फुलं उधळली गेली. आज त्यातल्याच एखाद्या बकेटात गाळ आणि ढलप्या आहेत.

दुसरा धोका डोक्यावर आहे. शेताच्या कडेनं मोटारीची वीजवाहिनी गेलीय आणि पुरात कललेल्या खांबामुळं तार मधोमध झोळीसारखी खाली आलीय. मागचा हात पुरा वर केला तर तो त्या तारेला सहज लागेल. ऑपरेटरनं आल्याबरोबर ते हेरलंय. त्या बाजूचे ओंडके तो उचलतच नाही, साखळीनं जमिनीवरून फरफटत मोकळ्या जागेत आणतो आणि मग उचलतो. फरफटल्यानं रानात चर पडतात, नानांचं तोंड वाकडं होतं, पण ते काही म्हणत नाहीत.

आता मापं. नाना खिशातून शिंप्याचा टेप काढतात. ओंडक्याच्या मध्यावर घेर बघतात: सहा फूट. लांबी दहा. लाकडाच्या व्यापारात घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. सहाचा चौथा भाग दीड, दीडचा वर्ग सव्वादोन, गुणिले दहा, साडेबावीस घनफूट. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजानं 1736 साली या हिशेबाचं कोष्टक छापलं आणि ते साहेबाबरोबर आपल्याकडं आलं, ते अजून गेलेलं नाही. गोल ओंडक्याचं खरं घनफळ काढलं तर तेच लाकूड साडेअठ्ठावीस घनफुटांच्या वर भरतं. म्हणजे शंभरातलं एकवीस-बावीस घनफूट मापात येतच नाही. कापताना साल आणि कडा वाया जातात, त्याची ही सूट, असं व्यापारी सांगतो. नानांना सूट माहीत आहे, आकडा माहीत नव्हता. मी सांगितल्यावर ते नुसतं "हां" म्हणतात आणि पुढच्या ओंडक्याकडं वळतात.

ओल्या बाभळीचा हा एकटा ओंडका आठ क्विंटलच्या आसपास भरतो. पुढच्या बकेटमध्ये तो आडवा लोळवून घेतला जातो, बकेट मागं कलवलं जातं आणि जेसीबी हळूहळू चाकोरीनं वस्तीकडं निघतो. बकेट गुडघ्याएवढ्या उंचीवरच ठेवलंय. वर घेतलं तर पुढचं दिसणार नाही आणि खड्ड्यात चाक गेलं तर ओंडका थेट केबिनवर येईल.

वस्तीवर मात्र ऑपरेटरचं चालत नाही. तिथं नानांच्या घरच्या काकू उभ्या आहेत.

ऑपरेटर गोठ्याच्या शेजारची जागा धरतो. काकू दुरूनच हात हलवतात. "तिथं न्हाई, तिथं न्हाई! तिथं कडब्याची गंज हाय. वाळल्या लाकडाला एक ठिणगी पुरंल." मग ऑपरेटर लिंबाच्या खाली जातो. "तिथं पावसाचं पाणी साचतंय." विहिरीकडं? "मोटर काढायची झाली तर कुठून काढायची?" ऑपरेटर यंत्र बंद करून खाली उतरतो आणि नमस्कार केल्यासारखे हात जोडतो. "काकू, तुमीच दावा. मिनटाचे पैसे चाललेत."

काकूंनी जागा आधीच बघून ठेवलीय. घराच्या उत्तरेला, जरा उंचवट्यावर, मुरुमाची. तिथं त्यांनी जुन्या पत्र्याच्या शेडचे दगड चार-चार हातांवर मांडून ठेवलेत. त्यावर दोन बारके ओंडके आडवे टाकायचे आणि त्यांवर जाड ओंडके. मातीला लाकूड टेकलं की वाळवी चढते आणि खालून हवा खेळली नाही की बुरशी धरते. वस्तीला साप निघतात, त्यामुळं रास घरापासून दहा पावलं लांब आणि खालून आरपार दिसेल अशी. हात घालताना आतलं दिसलं पाहिजे, हा त्यांचा नियम. पोरं खेळायला चढतात, म्हणून कडेच्या ओंडक्यांना दोन्ही बाजूंनी दगडाची अटकण. एकावर एक तीनच थर. चौथा थर त्यांना मान्य नाही, कारण वरचा ओंडका त्यांना एकटीला पहारीनं पाडता आला पाहिजे. कटरवाला बारा महिने मिळत नाही आणि ऑपरेटर तर नाहीच.

मला विचाराल तर दिवसभरातलं सगळ्यात कसबी काम हेच. उचलणं यंत्राचं आहे, त्याला डिझेल लागतं. कुठं आणि कसं ठेवायचं, हे चुकलं तर दोन पावसाळ्यांत त्या उचलण्याचं काहीच मोल राहत नाही. मी कितीतरी वस्त्यांवर जेसीबीनं एका ढिगात लोटून दिलेली झाडं बघितलीत. माती, मुळं, फांद्या, खोड सगळं एकत्र. त्यातलं एकही लाकूड नंतर सुताराच्या उपयोगाचं राहिलेलं दिसलं नाही. शेवटी कुणीतरी त्याला काडी लावतं.

काकू ओंडक्यांची साल सोलायला बसल्यात. भुंगा सालीखालीच वाढतो. साल गेली की निम्मी कीड गेली. पूर्वी ही साल कातडी कमावायला जायची, आता ती बंबाखाली जाईल. कापलेल्या तोंडांना त्या शेण आणि मातीचा लेप देतायत. तोंडाकडून ओल भराभर उडते, त्यामुळं तिथंच तडे जातात. लेपानं सुकणं सावकाश होतं. जळण तर रोजच लागतं. गॅसची टाकी घरात आहे. आंघोळीचं पाणी आणि भाकरी मात्र अजून जळणावरच.

दोन ओंडके नानांनी वेगळे काढलेत. सरळ, बिनगाठीचे, रामकाठी बाभळीचे. "ह्याला पाण्यात टाकायचं." जुनी रीत हीच. बाभळीचं लाकूड औताला किंवा गाडीला वापरायचं तर आधी काही महिने पाण्यात मुरवायचं. पाण्यात लाकडातला गोड रस निघून जातो आणि मग किड्याला त्यात गोडी राहत नाही. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे, कुळवाचं खोड, जू, सगळं असं मुरवलेल्या बाभळीचं असायचं. आता लाकडी चाकाच्या गाड्या गेल्या, टायरगाड्या आल्या. पण नानांना नव्या गोठ्याला खांब आणि दाराला चौकट हवीय.

टाकायचं कुठं? शेततळं जवळ आहे, पण त्याला प्लॅस्टिकचा कागद आहे, ओंडक्याच्या एका धक्क्यात फाटेल. विहिरीत टाकलं तर काढणार कोण? महामार्ग चौपदरी झाला त्या काळात मुरूम काढून राहिलेला एक खड्डा गावाच्या कडेला आहे. पुरानं तो काठोकाठ भरला आणि अजून पुरुषभर पाणी टिकून आहे. जेसीबी दोन्ही ओंडके तिथं नेतो, साखळीनं हळूच पाण्यात सोडतो. ते बुडत नाहीत, पाठ वर ठेवून तरंगतात. मग त्यांना तारेनं बांधून वर दगड लटकवले जातात. तारेचं टोक काठावरच्या खुंटीला. मृगाच्या आत काढायचे, असं ठरतं.

शेतात अजून एक झाड पडून आहे आणि जेसीबी त्याला वळसा घालून जातो. चिंच आहे ती, जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी. बाभळीचं सोपं असतं, चिंचेचं नाही. झाडं तोडण्याचं नियमन करणारा राज्याचा 1964 चा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, मोह, जांभूळ यांच्या बरोबरीनं चिंचही आहे. झाड तुमच्या रानातलं असलं, पुरानं पाडलेलं असलं, तरी कागद हातात आल्याशिवाय करवत लावू नये, असं नानांना गावातल्या कुणीतरी सांगितलंय आणि ते बरोबरच आहे. नानांनी अर्ज दिलाय. तोवर चिंच आडवी. तिच्या एका फांदीला अजून पालवी आहे, मुळांचा एक पदर जमिनीत राहिलाय म्हणून. चिंचेचा बुंधा खाटकाच्या ओंडक्याला आणि उखळाला चांगला जातो, त्यामुळं गिऱ्हाईक आत्ताच विचारून गेलंय.

बीड जिल्ह्यात तसं जंगल फार थोडं, क्षेत्रफळाच्या तीन टक्क्यांच्या आतच. बालाघाटच्या माथ्यावर आता पवनचक्क्या जास्त आणि झाडं कमी दिसतात. 2020 च्या फेब्रुवारीत बीडजवळच्या पालवणला अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईवर वृक्षसंमेलन झालं, अध्यक्ष म्हणून वडाला मान दिला गेला. चांगलं झालं. पण इथल्या माणसाचं रोजचं लाकूड देवराईतून येत नाही. ते बांधावरच्या न लावलेल्या, आपोआप उगवलेल्या बाभळीतून येतं, आणि तिचा सत्कार कुणी करत नाही.

दुपार कलताना एक व्यापारी मोटारसायकलवर येतो. ओंडक्यांवर पाय ठेवून उभा राहतो. "टनावर घेतो, नाना. साडेतीन हजार. उद्या ट्रॅक्टर लावतो." हे लाकूड वीटभट्टीला जाणार. नाना घनफुटावर बोलतात. व्यापारी हसतो. खरी गोम इथं आहे. वजनावर विकायचं तर आजच विकलेलं बरं, कारण लाकूड सुकेल तसं वजन घटत जाणार आणि पैसेही. मापावर विकायचं तर थांबलेलं बरं, कारण सुकलेलं, न चिरलेलं, न किडलेलं लाकूडच आरागिरणीवाला चांगल्या भावानं घेतो. जळण आणि इमारती लाकूड एकाच झाडात असतं. कुठल्या ओंडक्याचं काय करायचं, हे ठरवायला सवड लागते आणि हात तंग असलेल्याला ती सवड परवडत नाही. नाना मधला मार्ग काढतात. वाकडंतिकडं, गाठीचं, चार फुटांखालचं सगळं टनावर. रासेवरचं नाही. व्यापारी काकूंकडं बघतो. काकू सालच सोलत असतात. तो पुन्हा येतो म्हणून निघून जातो.

ऑपरेटर मीटर दाखवतो. सहा तास. बहात्तरशे रुपये होतात, नाना सात हजार देतात, थोडी हुज्जत होते, शेवटी चहा पिऊन सातावर मिटतं. कटरवाल्याचे वेगळे. आजच्या दिवसात नानांच्या खिशात एक रुपयाही आलेला नाही.

पुराच्या मदतीचा हिशेब मी त्यांना विचारतो. जमीन खरडून गेली तर हेक्टरी 47 हजार रुपयांचा निकष आहे; ऑक्टोबर 2025 च्या राज्याच्या पॅकेजात जमीन पुन्हा नीट करायला मनरेगातून हेक्टरी 3 लाखांपर्यंत आणि खचलेल्या विहिरीला 30 हजार जाहीर झाले. पिकाचं वेगळं. यात बांधावरच्या बाभळीचा रकाना कुठंच नाही. पडलेलं झाड रानाबाहेर काढायचा खर्च शेतकऱ्याचा, आणि ते काढल्याशिवाय रान पेरता येत नाही. पुढच्या वेळी पंचनाम्याला येणाऱ्या ग्राम महसूल अधिकाऱ्यानं खरडलेल्या जमिनीबरोबर बांधावरची पडलेली झाडंही जातवार, घेर आणि लांबी मोजून लिहून घ्यावीत, आणि मंत्रालयात बसणाऱ्यांनी ती उचलायच्या यंत्राचे निदान सहा तास तरी मदतीच्या निकषांत धरावेत.